आजोबांना तारीख विचारू नका



तलासरी-डहाणूच्या एखाद्या पाड्यावर आजोबा रोजची वाट चुकले, आजीनं जेवून तासाभरात पुन्हा जेवण मागितलं, की घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण दरवेळी ते नुसतं वय नसतं. तो स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना हा आजार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यात शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्याचं प्रमाण जास्त आढळलं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली असे चौदा धोके मांडले, जे कमी करता आले तर जगातले जवळपास निम्मे रुग्ण टळू शकतील किंवा आजार पुढे ढकलता येईल. त्यांत रक्तदाब, मधुमेह, विडी-सिगारेट, दारू, दूषित हवा, एकटेपणा आहे. ऐकू न येणं, नीट न दिसणं आहे. आणि लहानपणी शाळा न मिळणंही आहे.

म्हणून मला डहाणूजवळचं कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आलं. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तेव्हाच्या पिढीची मुलं आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. बालपणी मिळालेलं शिक्षण उतारवयातही मेंदूला बळ देतं. अंगणवाडीत पोर नियमित बसवणं ही त्याच्या म्हातारपणाचीही तरतूद आहे.

ज्यांची शाळा हुकली, त्यांच्यासाठी कोसबाडचीच रीत चालवायला हवी: तपासणी पाड्यावर न्यायची. निरक्षर आजीला आजची तारीख विचारून, वाक्य लिहायला सांगून तिची स्मरणशक्ती कळत नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९०च्या दशकात निरक्षरांना साजेशी चाचणी तयार झाली. आपणही आजीला भाताची लावणी कधी, बाजाराचा वार कोणता, हे तिच्या बोलीत विचारावं.

घरच्यांनो, विसर वाढला तर आरोग्य केंद्रात दाखवा. भगताकडे गेलात तरी डॉक्टरकडे जाणं चुकवू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड किंवा मनाची उदासी यांमुळे आलेला विसर उपचारांनी बरा होऊ शकतो. आशाताईंना विचारून रक्तदाब, साखर तपासून घ्या. गोळ्या मध्येच बंद करू नका. कानाचं, डोळ्यांचं दुखणं अंगावर काढू नका. घरचे कामासाठी स्थलांतर करतात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांशी शेजाऱ्यांनी रोज दोन शब्द बोलावेत. मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे १४५६७.

शाळा कुरणात जाऊ शकली. मग रक्तदाबाचं यंत्र आणि चार आपुलकीचे प्रश्न प्रत्येक पाड्यावर पोहोचायलाच हवेत.