विष्णुमंदिराच्या काठावरून



अमेरिकेतील युटा राज्याच्या झायन उद्यानातून मोटारीचा रस्ता निघतो, तो तांबड्या कड्याच्या पोटातून. १९३० साली खुल्या झालेल्या या पावणेदोन किलोमीटरांच्या बोगद्यास मधूनमधून गवाक्षे ठेवलेली आहेत. पुढे कानाबवरून ॲरिझोनाच्या पठारावर चढावे, की ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ येतो. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल अशी ही दरी कोलोरॅडो नदीने कोरली आहे.

दरीतील शिखरांना विष्णुमंदिर, शिवमंदिर अशी नावे आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने ती दिली. ती ऐकून आपला ऊर भरून येतो. परंतु याच दरीत हवासुपाई लोक शतकानुशतके राहत आले आहेत. त्यांची बहुतेक भूमी सरकारी वनांत व उद्यानात गेली. १९७५ साली सुमारे १,८५,००० एकर परत मिळाली. दरीतील त्यांच्या जुन्या मळ्यास त्यांचे नाव लाभले, ते २०२२ साली.

परमुलखात आपल्या देवाचे नाव भेटले, तर हात अवश्य जोडावेत. मात्र त्या भूमीस तिची लेकरे कोणत्या नावाने हाक मारीत, हेही विचारावे. परप्रांती नांदणाऱ्या आपणांस हे सांगावयास नकोच.