चुलीतलं प्लास्टिक आणि गोणीतलं प्लास्टिक

आम्ही बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी कचऱ्यावर बोलणार आहोत. हसू नका. या कचऱ्यानं आमची एकदा चांगलीच फजिती केली, म्हणून तर बोलायला बसलो.

झालं असं, की दोन महिने घरोघरी फिरून आम्ही प्लास्टिक गोळा केलं. गोण्या भरल्या, टेम्पोचं भाडं दिलं आणि माल भंगारवाल्याकडं नेला. त्यानं एक गोणी उपडी केली. आत बाटल्या, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, पाइपाचे तुकडे, सगळी खिचडी, वर ओलसर. "हे नाही चालत ताई," म्हणाला. भाडं अंगावर पडलं. काहीजणी म्हणाल्या, "त्यापेक्षा बंबात घातलं असतं, निदान पाणी तरी तापलं असतं."

मग आम्ही माहिती घ्यायला लागलो. पहिलं कळलं ते हे, की प्लास्टिक ही एक वस्तूच नाही. बाटली-डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात आकडा. 1 म्हणजे पाण्याची बाटली. 2 म्हणजे शाम्पूची बाटली, जाड डबे. 3 म्हणजे पीव्हीसी, आपले नळाचे पाइप. दुधाची पिशवी 4 मध्ये येते, खताची विणलेली गोणी 5 मध्ये. पिशवीवर आकडा नसला तरी हाताला फरक कळतो.

हे वेगळं का ठेवायचं? भात आणि हरभरे एकाच कुकरमध्ये एकदम लावून बघा. भाताचा गाळ होईल आणि हरभरे दाताखाली कडकड वाजतील. तसंच इथं. दुधाची पिशवी साधारण 110 अंशांना वितळते, पाण्याच्या बाटलीला 250 च्या वर उष्णता लागते. त्यात पाइपाचा तुकडा गेला, तर तो आधीच करपून आम्ल सोडतो आणि सगळा घाण नासवतो. म्हणून तर आपली गोणी परत आली.

आता जगात यावर संशोधन कुठवर आलंय ते ऐका. मोठ्या कारखान्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं यंत्र ओळखतं, कोणता तुकडा कोणत्या जातीचा. जपानमध्ये साकाई शहरात बाटल्यांच्या कारखान्याजवळच्या मातीत शास्त्रज्ञांना एक जिवाणू सापडला. तो बाटलीचं प्लास्टिक खाऊन त्याचे मूळ घटक सुटे करतो. 2016 साली ही गोष्ट जगाला कळली. पण तो खातो ते 1 आकड्याचंच प्लास्टिक, आणि तेही सावकाश. तसाच गुण जास्त वेगानं देणारी रसायनं बनवायची खटपट चालू आहे.

आपल्या देशातही काम झालंय. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी पिशव्या-पाकिटांचा चुरा तापलेल्या खडीवर टाकला. तो वितळून खडीला चिकटतो, मग डांबर घट्ट धरतं. असे रस्ते झाले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यातही पीव्हीसी चालत नाही.

बघा, यंत्र असो, जिवाणू असो की रस्ता, सगळ्यांची पहिली पायरी एकच: निवडणं. आणि निवडण्यात आपला हात कोण धरणार? तांदळातले खडे आपणच काढतो ना! पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी 1993 साली संघटना बांधली आणि 2008 मध्ये स्वतःची सहकारी संस्था उभी केली. त्यांचं कामही या निवडण्यावरच चालतं.

आता बंबाची गोष्ट. प्लास्टिक जाळलं की विषारी धूर निघतो. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते कर्करोगाला कारण ठरू शकतं. चूल पेटवायला पिशवी घालणारी बाई तोंड चुलीकडं करूनच बसलेली असते. जवळ लेकरू असतं. तापलेल्या पाण्यासाठी एवढी किंमत मोजायची का? आमच्या गटानं ठरवलं, नाही मोजायची.

आता आम्ही चार गोण्या ठेवतो. बाटल्या एकीकडं, पिशव्या दुसरीकडं, जाड डबे तिसरीकडं, विणलेल्या गोण्या चौथीकडं. धुऊन, वाळवून. औषध फवारणीचे डबे यात घालत नाही. सुया, काचा हातानं उचलत नाही, हातमोजे घालतो. वजन आपल्यासमोर करून घेतो आणि वहीत लिहितो.

एक अडचण मात्र अजून सुटली नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना आणि शाम्पूच्या पुड्यांना आमच्याकडं कुणी विचारत नाही, कारण त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती आम्ही कोरडी करून साठवतो आणि ग्रामसभेत विचारतो, यांची सोय काय? 2016 च्या नियमांनी ही जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकलीय. तेव्हा हा प्रश्न एकट्या बाईचा नाही.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी चूल पेटवताना हातात पिशवी आली, तर क्षणभर थांबा. ती चुलीत नको, गोणीत टाका. तुमच्या गटात चार गोण्या लागल्या की आम्हाला नक्की कळवा.