शिक्षणाआधी विमानाचं तिकीट

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. गावं २५, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही! त्यामुळे कॉलेजला निघालेल्या, तिथल्या मूळनिवासी इनुइट समाजातल्या मुलांपुढे फीच्याही आधी उभं राहतं ते विमानाचं तिकीट. म्हणूनच तिथल्या सरकारची ‘फॅन्स’ ही विद्यार्थी साहाय्य योजना फीबरोबर प्रवासखर्चालाही हातभार लावते. शिकायला ओटावासारख्या दक्षिणेकडच्या शहरात पोचलं की घरभाडं आहेच. विद्यार्थिनी लेकुरवाळी असेल तर पाळणाघरही आलं. २०१९च्या अर्थसंकल्पात कॅनडा सरकारने इनुइटांच्याच नेतृत्वाखालच्या उच्चशिक्षण धोरणासाठी दहा वर्षांकरिता १२ कोटी ५५ लाख डॉलरची तरतूद केली. रक्कम मोठी खरीच, पण तिच्या वाटपात इनुइट संस्थांचा शब्द चालतो, हे मला अधिक मोलाचं वाटतं.