परसातील वेली ओळखा, कडू दुधी टाळा

मृगाच्या सरी पडल्या की आपल्याकडे परसात, उकिरड्याच्या कडेला, न्हाणीच्या पाण्याजवळ वेली आपोआप उगवतात. बी कुणी टाकले ते आठवत नाही. अशा वेळी फळ धरेपर्यंत थांबायला नको. पान, फूल आणि फूल उमलण्याची वेळ पाहिली की वेल ओळखता येते.

दुधी : पान मऊ, लवदार. फूल पांढरे, संध्याकाळी उमलते.

तांबडा भोपळा : पान मोठे, त्यावर बहुधा पांढुरके ठिपके. फूल मोठे, केशरी-पिवळे. पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. फळाचा देठ पाच कोनी.

कोहळा : फूल पिवळे, पण पाकळ्या सुट्या. कोवळ्या फळावर दाट लव, पिकल्यावर राखेसारखा थर.

शिराळे : फूल फिके पिवळे, संध्याकाळी उमलते. घोसाळ्याचे फूल गडद पिवळे, ते सकाळी उमलते.

पडवळ : फूल पांढरे, झालरीसारखे, रात्री उमलणारे.

झुकिनीचे बी कुणी शहरातून आणून लावले असेल, तर तीही सहज ओळखू येते. फूल भोपळ्यासारखेच, पण ती मांडवावर चढत नाही, झुडपासारखी बसकी राहते.

आता मुख्य गोष्ट. एक वेल मात्र अशी डोळ्यांनी ओळखता येत नाही, ती म्हणजे कडू दुधीची. पान तेच, फूल तेच, फळही तसेच. गोड आणि कडू दुधी एकाच जातकुळीचे, त्यामुळे त्यांचा संकर होतो. शेजारच्या कडू वेलीचा पराग आपल्या दुधीवर पडला तर यंदाचे फळ गोडच लागते. पण त्याचे बी पुढच्या वर्षी लावले की कडू फळे येतात. दुधी आणि कोहळा शेजारी असले तर चिंता नाही, त्यांचा संकर होत नाही.

म्हणून घरचे बी धरायचे तर असे करा. ज्या फुलामागे इवले फळ असते ते मादी फूल. संध्याकाळी उमलणारी मादी व नर कळी दुपारीच दोऱ्याने बांधा. उमलायच्या वेळी दोन्ही सोडा, नर फूल मादी फुलाच्या मधोमध हलके फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधा. देठाला खुणेची दोरी बांधून ते फळ वेलीवरच पक्के होऊ द्या. संकरित बियाण्याच्या वेलीचे बी मात्र धरू नका.

आणि बायाबापड्यांनो, दुधी चिरताना प्रत्येक फळाची चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली तर लगेच थुंका, चूळ भरा आणि ते फळ टाकून द्या. गुरांनाही घालू नका. शिजवून किंवा गूळ घालून ते विष जात नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो खाण्याचा. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनेही कडू रस पिऊ नये, असे बजावले आहे. खाल्ल्यावर पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

एका दुधीची किंमत ती काय? चव पाहायला क्षणभर लागतो. तेवढा द्या.