सुजलेला हात आणि व्यायाम

पेण आणि नागोठणें यांच्या दरम्यान कासू हें रेल्वेचें एक लहान स्थानक आहे. येथील एखाद्या गृहिणीच्या स्तनांत कर्करोगाची गांठ निघते. मुंबईस शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात आणि ती सुखरूप घरीं परतते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९४१ सालापासून अशा रोग्यांवर उपचार होत आले आहेत. परंतु कांहीं महिन्यांनीं, क्वचित् वर्षांनींही, त्या बाजूचा हात जड वाटूं लागतो, बांगड्या रुततात, पोलक्याची बाही दंडास अडकते. रोग उलटला कीं काय, या धास्तीनें सारें घर हादरतें. बहुतेक वेळां तसें नसतें. तथापि नव्यानें आलेली सूज डॉक्टरांस दाखवून खात्री करून घेणें अवश्य आहे.

या सुजेचें कारण काखेंत असतें. शरीरांतील लसीका नांवाचा रस बारीक वाहिन्यांतून काखेंतील ग्रंथींकडे जातो. शस्त्रक्रियेंत या ग्रंथी काढल्या जातात किंवा किरणांनीं त्यांचा मार्ग आखडतो. खाचराच्या बांधाचें तोंड बुजलें म्हणजे पाणी जसें सांचतें, तसा हा रस हातांत सांचतो. कोंकणांत परिचित असलेल्या हत्तीरोगांतही हेच मार्ग अडतात. मात्र तेथें कारण डासांवाटे शिरलेला कृमी होय.

‘त्या हातानें हंडा उचलूं नये, जड कामास हात लावूं नये’, असा उपदेश अनेक वर्षें केला जात असे. हेतु चांगला, पण परिणाम असा कीं हात दुबळा होई आणि घरांत त्या स्त्रीस उगाच परावलंबी व्हावें लागे. कानडांतील व्हँकुव्हर येथें १९९६ सालीं डॉ. डोनाल्ड मॅकेंझी यांनीं हा रोग होऊन गेलेल्या चोवीस स्त्रियांस लांब नावा वल्हवावयास लाविलें. भाकित केलेलें अरिष्ट कांहीं ओढवलें नाहीं. पुढें अमेरिकेंत डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनीं सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर केलेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रिया आठवड्यांतून दोनदां वजनें उचलीत. आरंभ अगदीं हलक्या वजनानें, हातावर दाब देणारी घट्ट बाही चढवून, आणि वाढ थोडथोडी. वर्षअखेर दोन्ही गटांत सूज वाढलेल्यांचें प्रमाण जवळजवळ सारखेंच निघालें. पण सूज बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत शेंकडा १४ स्त्रियांस, तर न करणाऱ्यांत शेंकडा २९ स्त्रियांस आले.

वजन घटविल्यानें काय होतें? स्थूलतेमुळें ही सूज येण्याचा संभव वाढतो, हें खरें. २००७ सालीं इंग्लंडांत २१ स्त्रियांवर झालेल्या लहानशा प्रयोगांत वजन उतरतांच सूजही उतरली होती. परंतु डॉ. श्मिट्झ यांनींच २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या, ३५१ स्थूल स्त्रियांवरील प्रयोगांत वजन शेंकडा सात-आठ घटूनही हाताची सूज कमी झाली नाहीं. घरच्या घरीं केलेल्या व्यायामानेंही ती उतरली नाहीं. म्हणून जिनें वर्षभर भात मोजून खाल्ला आणि जिचा हात तसाच राहिला, तिला ‘तूं पथ्य पाळलें नाहींस’ म्हणून बोल लावणें अन्यायाचें आहे. पथ्य व व्यायाम वायां गेले असेंही नव्हे. हृदय, रक्तांतील साखर, अंगांतील बळ यांस त्यांचा लाभ होतोच. मात्र सुजेवरचा उपाय म्हणून घट्ट बाही, पट्ट्या आणि फिजिओथेरपिस्टनें शिकविलेलें हलकें मर्दन यांची जागा ते घेऊं शकत नाहींत.

व्यायामाचा आरंभ जाणत्याच्या देखरेखीखालीं व्हावा. हात अधिक जड किंवा ताठ वाटल्यास वजन कमी करावें. घरकामांत आणि लावणी-कापणींत त्या हातास विळा, कांटा किंवा चटका लागूं देऊं नये. लागल्यास लगेच धुऊन स्वच्छ ठेवावें. हात लाल व गरम होऊन ताप भरला, तर घरगुती लेप लावीत न बसतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.