वृद्धसेवा व आपलें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं देवाचे आभार मानण्यास आपण येथें जमलों आहों. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं डोक्यावरून रेतीच्या पाट्या वाहून हें मंदिर उभारलें, त्यांच्यापैकीं पुष्कळजण प्रभूच्या घरीं गेले. जे उरले, त्यांतील कित्येक आज या मंडपांत नाहींत. ते घरीं अंथरुणावर आहेत. आणि त्यांच्यापाशीं आणखी एक माणूस घरीं राहिलें आहे. त्या दुसऱ्या माणसाविषयीं आज चार शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे.

चौथी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतों. ती लेंकरांस दिलेली आज्ञा, असा आपला समज असतो. परंतु तिचा रोख प्रौढ मुलांकडेही तितकाच आहे. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत, पित्याची बुद्धि क्षीण झाली तरी त्यास सांभाळून घ्यावें, असा उपदेश आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत, आईबापांस द्यावयाचें तें देवास वाहिलें असें सांगून हात झटकणाऱ्यांस प्रभूनें कडक शब्दांत दोष दिला आहे. तेव्हां महोत्सवाच्या देणगीची पावती दाखवून कोणासही या आज्ञेंतून सुटतां येणार नाहीं.

येथें आम्हांस आमची स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. आमच्या मातोश्री शेवटचीं तीन वर्षें अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांची सारी सेवा आमच्या वहिनींनीं केली. आम्ही दर महिन्यास जात असूं, आईला ख्रिस्तप्रसाद देत असूं, वहिनींची स्तुति करीत असूं आणि चहा घेऊन परतत असूं. एके दिवशीं आशीर्वाद देण्यास आम्हीं हात उचलला, तों वहिनी म्हणाल्या, "फादर, आशीर्वाद राहूं द्या. दोन तास बसाल का? मला झोपायचें आहे."

आम्ही बसलों. तेव्हां कळलें कीं, चौथ्या आज्ञेवर वीस वर्षें प्रवचनें करणाऱ्या आम्हांस आईला कुशीवर कसें वळवावें, हेंही ठाऊक नव्हतें.

बंधुभगिनींनो, सेवेस माया तर हवीच, पण ती एक विद्याही आहे. ज्यास स्वतः हालतां येत नाहीं, त्याची कूस साधारण दर दोन तासांनीं बदलावी लागते. नाहींतर माकडहाड, खुबे व टाचा येथें जखमा होतात. त्वचेवरील लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल, तर जखमेची ती पहिली खूण समजावी. भरवितांना उठवून बसवावें, व त्यानंतर निदान अर्धा तास आडवें करूं नये. अन्न श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो. कालपर्यंत नीट बोलणारें माणूस आज अचानक असंबद्ध बोलूं लागलें, तर "वय झालें" म्हणून स्वस्थ बसूं नये. लघवीचा अथवा छातीचा विकार पुष्कळदां असाच प्रकट होतो. अशा वेळीं डॉक्टरांस दाखवावें. हें सारें दिवसा आणि रात्रीं करणारें माणूस जर एकटेंच असेल, तर तें माणूस मोडतें.

संत जॉन जुगान हिचें चरित्र येथें स्मरतें. १८३९ सालच्या हिवाळ्यांत फ्रान्समधील सें-सर्व्हां गांवीं तिनें एका आंधळ्या, लुळ्या वृद्धेस घरीं आणलें व आपला बिछाना तिला दिला. त्यांतूनच पुढें वृद्धांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं तिला संतपद दिलें. परंतु ध्यानांत ठेवा, तिच्याबरोबर राहणाऱ्या दोघी जणींनींही त्या कामास हात लावला. संतांनाही हें काम एकटीनें झेपलें नाहीं. मग ते आपल्या सुनेनें एकटीनें करावें, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें धरतों?

सरकारनें आपल्या परीनें वाट काढली आहे. २००७ सालच्या कायद्यानें निराधार मातापित्यांस मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो. २०२४ पासून ७० वर्षें व त्यांवरील सर्वांस आयुष्मान योजनेखालीं रुग्णालयांतील उपचारासाठीं वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळूं शकतें. हीं साधनें अवश्य वापरावीं. मात्र रुग्णालयांतून घरीं परतल्यावरची रात्र कोणत्याही योजनेंत बसत नाहीं. ती रात्र आपल्यालाच वाटून घ्यावी लागेल. वाडी विकतांना सह्या करण्यास सारीं भावंडें येतात. आईची कूस बदलण्यास मात्र एकच जण असतो. हें वसईंत पुष्कळ ठिकाणीं आम्हीं पाहिलें आहे.

म्हणून आमचें मागणें एवढेंच. ज्या घरीं वृद्ध अंथरुणावर आहेत, तेथील सर्व भावंडांनीं महिनाभरांत एकत्र बसून पाळ्या ठरवाव्या. जे परदेशीं आहेत, त्यांनीं खर्चाचा वांटा उचलावा, आणि सुटींत आल्यावर आठ दिवस स्वतः उशाशीं बसावें. दुसरें असें कीं, प्रत्येक वाडींतून दोघांनीं पुढें यावें व दर रविवारीं त्या घरीं दोन तास द्यावे, म्हणजे सेवा करणाऱ्यास मिस्सास येतां येईल. किंवा निजावेसें वाटलें, तर निजतां येईल. यादी मंडपाच्या दाराशीं ठेविली आहे. तींत पहिलें नांव आम्हीं आमचें लिहिलें आहे.

आमच्या मातोश्री गेल्या. त्यांच्या उशाशीं आम्ही किती तास बसलों, तें आम्हांस बोटांवर मोजतां येतें. वहिनींचे तास मात्र देवच जाणे. आपणांपैकीं कोणावरही असें मोजण्याची वेळ न येवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.