आधी ऐकणारे हवेत





महाबळेश्वरात साहित्य संमेलनाची अध्यक्ष म्हणून बोलायला उभं राहिल्यावर एका घटनेची आठवण टाळता येत नाही. मार्च २००९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरलं. ते ८२वं संमेलन होतं आणि डॉ. आनंद यादव त्याचे निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वाद पेटला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली आणि संमेलनाच्या तोंडावर अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. त्या वादाबद्दल दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात मी आज भर घालत नाही. मला त्यातून एक गोष्ट कायमची पटली. अध्यक्षाशिवाय संमेलन होऊ शकतं, ऐकणाऱ्यांशिवाय ते होत नाही.

आजचं माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे. आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत लिहिणाऱ्यांची वाण नाही. दर दिवाळीला इथे नवे कवितासंग्रह निघतात, तालुक्याच्या गावी पुस्तक प्रकाशनं होतात, शाली आणि नारळ दिले जातात. पण लिहिलेलं छापायला जाण्याआधी चार जाणत्या माणसांसमोर वाचायचं, त्यांनी ते कान देऊन ऐकायचं आणि जे खटकलं ते तोंडावर सांगायचं, ही रीत क्षीण होत चालली आहे. ती पुन्हा जोमाने रुजवावी, एवढंच सांगायला मी आले आहे.

ही रीत आपल्याला नवी नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आणि त्यांचे स्नेही रविवारी चहाला एकत्र जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. त्यातले यशवंत आपल्या चाफळचे आणि गिरीश साताऱ्याचे, हे इथल्या मुलांना शाळेत आवर्जून सांगायला हवं. त्या मंडळींकडे ना सरकारी अनुदान होतं ना स्वतःची इमारत. ठरलेला वार होता, चहा होता आणि एकमेकांच्या ओळींवर बोलण्याची मोकळीक होती. ‘किरण’ हे त्यांचं पहिलं पुस्तक त्याच वर्षी निघालं. पुढे यशवंत आणि गिरीश यांनी गावोगाव काव्यगायन करून कविता थेट लोकांच्या कानांपर्यंत नेली. बंद खोलीत ऐकवलेल्या कवितेला भर सभेत उभं राहण्याचं बळ अशा बैठकींतूनच येतं.

त्याच मंडळाच्या वाट्याला आलेली टीकाही आपण विसरू नये. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केलं आणि त्या काळच्या कवितेतल्या ठरावीक लकबींची यथेच्छ विडंबनं केली. रविकिरण मंडळाची शैलीही त्यातून सुटली नाही. माझ्या मते ती विडंबनं मराठी कवितेच्या हिताचीच ठरली. मंडळातली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचंच ऐकत राहिली की त्यांचे शब्द, प्रतिमा, इतकंच काय उसासेही सारखे होऊ लागतात. कुणाला त्यात काही वावगं दिसेनासं होतं. म्हणून मंडळाला आतला स्नेह जितका हवा तितकाच बाहेरचा कान हवा. वर्षातून एखाद्या बैठकीला ज्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही असा वाचक बोलवा आणि तो काय म्हणतो ते निमूटपणे ऐका.

दुसरं उदाहरण आपल्या कृष्णाकाठचं. इथे क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड ओलांडून सांगली जिल्ह्यात औदुंबरला पोचते. दत्ताचं क्षेत्र म्हणून ते लहानसं गाव सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे १९३९ साली कवी सुधांशु, म. भा. भोसले आणि त्यांच्या मित्रांनी अकाली गेलेल्या एका मित्राच्या स्मृतीसाठी सदानंद साहित्य मंडळ सुरू केलं. मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरवायचं, असा त्यांनी प्रघात पाडला. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी नदीकाठी येऊन बसतात आणि साहित्यावर बोलणं ऐकतात. मोठ्या शहरांतल्या कितीतरी संस्था या काळात उभ्या राहिल्या आणि मोडल्या. औदुंबरची परंपरा टिकली. तिच्यामागे घराघरांतून मिळालेला आधार आहे. संक्रांतीला तिळगूळ जसा घरचा, तसं हे संमेलनही त्या पंचक्रोशीला घरचं वाटतं.

आता एका बैठकीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नीट ऐकण्याने काय घडतं हे त्या संध्याकाळी मी जवळून पाहिलं. महाबळेश्वर तालुक्यातल्याच एका गावच्या वाचनालयात आठ-दहा जण जमले होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने कथा वाचली. स्ट्रॉबेरीच्या शेतावर मजुरीला जाणाऱ्या आईची गोष्ट होती. सुरुवातीला धुकं, कोवळं ऊन, पानांआड लपलेली लालचुटुक फळं असं सगळं होतं. आई एकेक फळ तोडून पाटीत टाकते, असं त्याने लिहिलं होतं. वाचून झाल्यावर दोघांतिघांनी ‘छान आहे’ म्हटलं. पुढे कुणी बोलेना. तेवढ्यात मुलीला घेऊन आलेली एक बाई दाराजवळून म्हणाली, “पोरा, नुसतं फळ वडून तोडत न्हाईत. नखानं देठासकट खुडायचं असतं. देठ निघाला की ते डब्यात भरत न्हाईत, फॅक्टरीला जातं. मग दर पडतो.”

मुलगा गप्प झाला. मग त्याने वही उघडली आणि तिला विचारायला सुरुवात केली. तोडणी किती वाजता सुरू होते? बोटं गारठल्यावर काय करता? देठ निघालेल्या फळांचं मालक काय करतो? तासभर ती सांगत होती आणि तो लिहून घेत होता. पुढच्या बैठकीला त्याने नवा खर्डा आणला. त्यात धुकं एका ओळीत आटोपलं होतं. गारठलेल्या बोटांनी आईच्या हातून काही फळांचे देठ निघतात, ती फळं ती डब्याच्या तळाशी लपवते आणि मालकाची मुलगी ते पाहूनही काही बोलत नाही, अशी ती कथा झाली होती. पहिल्या खर्ड्यात वर्णन होतं, दुसऱ्यात माणसं होती. हा फरक त्या बाईच्या चार वाक्यांनी केला. तिने उभ्या आयुष्यात कथेची समीक्षा वाचली नसेल, पण तिने कथा खरोखर ऐकली होती.

म्हणून मंडळात कोण बसतं हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. १८८५च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारलं. त्यांचं मूळ घराणं आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. ज्यांच्या सभांत आणि पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या जगण्याला जागा नाही त्यांच्यात मिसळून आमच्या लोकांचं काय भलं होणार, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्यानंतरचं संमेलन १९०५ साली साताऱ्यातच भरलं. जोतीरावांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला मात्र पुष्कळ वर्षं जावी लागली. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, आटपाडीचे शंकरराव खरात, माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी आपापल्या लेखणीने त्या प्रश्नाला उत्तर दिलं. ही तिन्ही गावं सांगली जिल्ह्यातली आहेत. अण्णा भाऊंचं शिक्षण कलापथकाच्या फडावर झालं. मुंबईच्या कामगार वस्तीत लोक पोवाडा ऐकून तिथल्या तिथे दाद देत किंवा उठून जात. त्या कसोटीतून गेलेला माणूस ‘फकिरा’ लिहितो, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आणि ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं काय? खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी त्या ऐकल्या आणि उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी तिचं मोल ओळखलं आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. घरात दोन माणसांनी कान दिला नसता तर मराठी कविता केवढ्या ठेव्याला मुकली असती! आपल्या भागात अशा किती बहिणाबाई आज बोलत आहेत आणि कुणी लिहून घेत नाही, याचा विचार करताना मला खरोखर अस्वस्थ व्हायला होतं.

हा तालुकाच पाहा. पर्यटकांना इथले पॉइंट ठाऊक आहेत. पण कोयना धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या घरात त्या गावांच्या आठवणी अजून बोलल्या जातात. तापोळ्याकडे लाँच चालवणारे आहेत. इथून आणि जावळीतून मुंबईला माथाडी कामासाठी गेलेल्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या, त्यांच्या बायकांनी गावाकडे एकटीने संसार रेटले. चार महिने कोसळणाऱ्या पावसात म्हातारी माणसं, गुरं आणि शाळकरी मुलं कशी राहतात, हे तपशिलात कुणी लिहिलं आहे? हे लिहायला बाहेरून कुणी येणार नाही. आणि ही माणसं बोलावीत असं वाटत असेल, तर त्यांच्यासमोर शांत बसणारं मंडळ आधी हवं.

आता करायच्या गोष्टी सांगते. पहिली, महिन्यातली एक संध्याकाळ पक्की करा आणि ती मोडू नका. माणसं चार आली तरी बैठक घ्या. दुसरी, एका बैठकीत दोनच जणांनी वाचावं. वीस कवींनी पाच-पाच मिनिटं वाचलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि जो तो आपली पाळी कधी येते याचीच वाट पाहतो. तिसरी, वाचणाऱ्याने वाचून झाल्यावर सगळ्यांचं बोलणं संपेपर्यंत खुलासा करू नये. पुस्तक वाचकाच्या हाती गेल्यावर लेखक तिथे समजावायला जात नाही. चौथी, बोलणाऱ्याने माणसावर बोलू नये, ओळीवर बोलावं. कुठलं वाक्य भिडलं, कुठे लक्ष उडालं, कुठे खोटं वाटलं, हे बोट ठेवून सांगावं. नुसतं ‘छान’ म्हणणं हे न ऐकल्याचंच लक्षण आहे. पाचवी, बैठकीत वाचलेला खर्डा लेखकाच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये. मोबाइलवर अर्धामुर्धा उतारा फिरू लागला की लेखक पुढच्या वेळी मनातलं वाचत नाही. शेवटची, प्रत्येक सदस्याने वर्षातून एकदा न लिहिणाऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकून, त्याच्याच बोलीत उतरवून बैठकीत वाचावं आणि छापायची वेळ आली तर त्याची संमती घ्यावी.

जागेचा प्रश्न मोठा नाही. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं आपल्या खेड्यांपर्यंत पोचली आहेत. त्यांतल्या अनेकांत संध्याकाळी वर्तमानपत्र चाळणाऱ्यांपलीकडे फारसं कुणी फिरकत नाही. इथून हाकेच्या अंतरावर भिलार आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर राज्य मराठी विकास संस्थेने ४ मे २०१७ रोजी तिथे पुस्तकांचं गाव उभं केलं. गावकऱ्यांनी अनोळखी वाचकांसाठी आपल्या घरांची दारं उघडली, हा त्यांचा मोठेपणा. भिलारकरांना मी या व्यासपीठावरून विनंती करते की महिन्यातली एक संध्याकाळ त्यांनी एखादं घर या परिसरातल्या लिहिणाऱ्यांना द्यावं. छापलेल्या पुस्तकांशेजारी, अजून पुस्तक न झालेली पानंही तिथे वाचली जावीत.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे की वर्षाअखेरीस अहवाल लिहाल तेव्हा किती सत्कार झाले याआधी किती खर्डे पुन्हा लिहिले गेले, ते नोंदवा. तरुण लेखकांना सांगते, तुमचं लेखन दाखवायला घाबरू नका आणि दुसऱ्याचं ऐकायला कंटाळू नका. जो दुसऱ्याचं नीट ऐकतो त्याला स्वतःच्या लेखनातला खोटा सूरही ऐकू येऊ लागतो. ज्येष्ठांना हात जोडून विनंती आहे की बैठकीत शेवटी बोला, म्हणजे नव्यांना आधी बोलता येईल.

उद्या आपापल्या गावी परतल्यावर येत्या महिन्याची तारीख ठरवा, वाचनालयाची किल्ली मागून घ्या, आणि आजवर ज्याला कुणी बोलावलं नाही अशा एका माणसाला निरोप द्या. एवढं झालं तर हे संमेलन सार्थकी लागलं असं मी मानेन.